चार इंची भोकं

जुने दिवे चार इंची, नवे तीन.
शिडीवरून खालिकभाई म्हणतात,
"मॅडम, तेव्हा भोकं मोठीच पाडली आपण."

परभणीत दुपारची लाइट गेलेली.
ताळेबंदांवर मी चादर घालते.
"पांढरा का पिवळा?"
आकड्यांना पांढरा बरा, डोळ्यांना पिवळा.
मधला असतो?
"असतो ना. कोणी मागत नाही."

मग छताच्या पोकळीत
कोपरापर्यंत हात घालून ते थांबतात.
बाहेर येतो भुग्यानं माखलेला टेस्टर,
मुठीवर खिळ्यानं कोरलेलं: खा.
सात वर्षं माझ्याच डोक्यावर.

"याच्यापायी पोराला काढलं होतं मी.
शुद्धोधनला."

प्लायच्या रिंगा बसवून भोकं लहान केली.
लाइट आली.
बटण मी दाबलं, वर मी पाहिलं.
खालिकभाई
टेस्टर पुसत होते, पुसत होते.