झाडाचे पत्ते

दिल्लीच्या कुठल्याशा कचेरीची ऑर्डर, शेठ म्हणाले.
पाचशे चादरी, मधोमध वड,
खाली अक्षरं : राष्ट्रीय वृक्ष.
पंधरा ऑगस्टच्या आत.

मी जकार्डचे पत्ते पाडतो.
भोक असेल तिथे दोरा उचलतो,
नसेल तिथे दबून राहतो.
मोर पाडलेत, ताजमहाल पाडलाय.
वड पहिल्यांदाच.

अर्धाच काढ मल्लेशम, उरलेला आरशासारखा उलटून घे.
पत्ते निम्म्यात भागतील.
कमळाला चालतं ते. मोरांच्या जोडीला तर शोभतंच.

म्हणून दुपारी अक्कलकोट रोडला गेलो,
विडी कारखान्यामागच्या झाडाखाली, आलेखाचा कागद घेऊन.
बाया मांडीवर सूप घेऊन पानं कापत होत्या.
भूमव्वा म्हणाली, आमच्या मर्रीचं चित्र कशाला रे?
निंगव्वा म्हणाली, आलद मर.
चहावाला मदारसाब बरगद म्हणतो.
बुंध्याला महापालिकेचा पत्रा ठोकलेला : वड, क्र. ४१७.
झाडानं कुणालाच दुरुस्त केलं नाही.

डावीकडे मोजल्या : सात पारंब्या टेकलेल्या, दोन अजून हवेत,
एकीला जेवणाचे डबे अडकवलेले.
उजवी बाजू विजेच्या तारांसाठी छाटलेली,
तरी तिकडूनच एक पारंबी
भिंतीपलीकडे, दुसऱ्याच्या जागेत रुजलेली.

मूळ खोड कुठलं, मी विचारलं.
भूमव्वा हसली.
ते तर माझ्या सासूच्या वेळीच पोखरून गेलं.
ही सगळी त्याची पोरं उभी आहेत.

रात्री अर्धं झाड उलटून पाहिलं.
तारा नाहीत, भिंत नाही,
छातीवर लावायच्या पदकासारखं गोल आणि नेटकं.
त्याच्याखाली बसून कुणाला डबा खाता आला नसता.

मग दोन्ही बाजू वेगवेगळ्या पाडल्या,
पत्ते दुप्पट.
आणि मधे, खोडाच्या जागी,
एकही भोक पाडलं नाही.

शेठनी नमुना उजेडात धरला.
मधोमध दोष आहे, म्हणाले.
पोकळी आहे, मी म्हटलं.
ते तिच्यावर बोट फिरवत राहिले बराच वेळ,
मग जास्तीच्या पत्त्यांची मजुरी कापली.
दिल्लीला आरशातलं झाड गेलं, पाचशे नग.
मीच पाडलं तेही.

नमुन्याची चादर भूमव्वाकडे आहे.
झाडाखाली अंथरून ती पानं कापते,
बरोबर अक्षरांवर बसते.
तिथं मुळं टोचत नाहीत, म्हणते.