सहा हात दोर

डोमाजी लोहाराच्या अंगणात
गोवऱ्यांच्या कड्यात धाव तापत होती.
लाल व्हायला वेळ होता,
म्हणून निखाडे मास्तरांनी कोडं घातलं:
रेंगीच्या चाकाला दोर बसवा, अगदी चिकटून.
मग त्यात सहा हात दोर जोडा
आणि सगळीकडून सारखा फाकवा.
फट किती?

डोमाजीनं आपल्याच हातानं मोजलं,
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत.
फट निघाली हातभर. एक पेर कमी.

"आता असाच दोर पृथ्वीले," मास्तर म्हणाले.
आम्ही हसलो.
हजारो कोसांच्या दोरात सहा हात म्हणजे काय,
तळ्यात थुंकल्यासारखं!
मुंगी जाईल, गणपत म्हणाला.
मुंगीबी अडकीन, सुमित्रा म्हणाली.
मी म्हणाले, केस.
तोही तेल लावलेला.

मास्तर बावीस सप्तमांश मांडायला खडू शोधू लागले.
डोमाजी म्हणाला, "विहिरीवर चाला."

कासरे, नाडे, सुमित्राच्या घरची वाळवणाची दोरी,
गाठीवर गाठ मारून कठड्याला वेढा घातला.
मग तेच सहा हात.
आम्ही सतरा पोट्टे-पोट्ट्या गोल उभे,
कोपर दगडाला, दोर बोटांवर.
पण आमचे हात तोकडे, दोर लोंबायचा.
तेव्हा डोमाजीनं वाकून
आपलं काळं, पोळलेलं कोपर कठड्याला टेकवलं.

हातभर. एक पेर कमी.

"चाक केवढं, विहीर केवढी, इचारूच नोका.
फट त्याची नोयच.
वाढवल्या दोराची हाय."
"मंग पृथ्वीले?"
"तितकीच. बकरीचं पिलू जाते खालून.
अठी बी, अन् समुद्राच्या पल्याड बी."

तेवढ्यात तिकडून कोणी ओरडलं, लाल झाली!
सगळे पळाले. सांडशी, घण, पाणी, वाफ,
आणि धाव चाकाला आवळत गेली.
फट बिट काही उरली नाही.

आता मी हेच शिकवते, नववीला.
दोन ओळींत सिद्ध होतं.
त्रिज्या येते, कटते, निघून जाते,
पोरं मान डोलावतात
आणि एकालाही पटलेलं नसतं.
मलाही कुठं पटलंय?
रात्री खाटेवरून हात खाली सोडते,
जमिनीपासून अंदाज घेते:
एवढं?
सगळ्या पृथ्वीभोवती, एवढं?

परवा गावी गेले. विहिरीवर जाळी टाकलीय.
कोणी नाही असं पाहून
कोपर कठड्याला टेकवलं.
हात आता डोमाजीएवढा झालाय.
दोर नव्हता.
बोटं हवेत जिथं पोचली,
तिथून पेरभर मागं घेतली.