सांधणी

मे महिना. रात्रीचे अकरा.
गच्चीवर सतरंजी टाकली तर खालची फरशी अजून तापलेली.
स्रवंती म्हणाली, नाना, इकडे, दक्षिणेला बघा.
हात लांब करा, मूठ धरा,
विजापूर रोडच्या दिव्यांवर एक मूठ.
धुळीत तांबूस पडलेला एक ठिपका.
त्याचं नाव मित्र.
सूर्य सोडला तर नुसत्या डोळ्यांना दिसणारा
सगळ्यात जवळचा.

जवळ म्हणजे किती?
उजेडाच्या चालीनं चार वर्षं, वर चार महिने.

म्हणजे हा उजेड तिकडून निघाला तेव्हा
आमचा शेवटचा माग
भंगारवाल्याच्या टेम्पोत चढत होता.
अशोक चौकापर्यंत मी मागं मागं गेलो होतो, उगाच.

आणि माणसाला?
आजवर सूर्याच्या अंगणाबाहेर गेलेल्या यानांच्या वेगानं
सत्तर हजार वर्षं. जास्तच.

मी जॉबर माणूस. आकड्याला भीत नाही,
आधी विचारतो बेअरिंग कुठल्या कंपनीचं,
ग्रीस कोण मारणार,
नट ढिला झाला तर पाना कुणाच्या हातात.
ती म्हणाली, वेग वाढवता येईल कदाचित,
पण मग वाटेतला धुळीचा कण
तोफेच्या गोळ्यासारखा लागेल.
कणाचं मला सांगू नकोस.
तुझ्या आजोबांच्या छातीत
कापसाचे कण तीस वर्षं सावकाश लागत होते.

आणि पाणी?
तेच तेच गाळून प्यायचं. घामसुद्धा. सगळंच.
खाली सत्तेम्मा हंडे उलथे करून बसली होती,
आज पाचवा दिवस, पाणी येईल तेव्हा येईल.
तांदळाचं धुवण भांड्यांना,
भांड्यांचं फरशीला,
फरशीचं कढीपत्त्याला.
यानावर पाण्याचा हिशेब ठेवायला
तिला न्या म्हणावं. परीक्षा घेऊ नका.

स्रवंती मग जरा थांबून म्हणाली,
नाना, जे निघतील ते पोचणारच नाहीत.
मधली माणसं जन्मतील, मरतील, आतल्या आत.
त्यांना कुणी विचारलेलं नसेल.

माझा पणजा भूमय्या
करीमनगराकडून फणी पाठीला बांधून चालत आला.
मला कुणी विचारलं होतं?
सिरसिल्ल्याला लग्नाला गेलो, चहा मागितला,
टपरीवाला म्हणाला, कुठल्या मुलखातले तुम्ही?
माझ्या तेलुगूत मराठी शिव्या, कानडी भाजीबाजार.
तिथं मी सोलापूरवाला,
इथं शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा: तेलुगू.
तरी शेंगाचटणी कुठली खरी, हे मला झोपेत विचार.

तेराव्या वर्षी मला बापानं सांधणीला बसवलं.
जुना बीम संपत आला की त्याची टोकं,
नव्या बीमची टोकं,
दोन हजार चारशे,
एकेक धरायचं, राख लावलेल्या बोटांनी पिळायचं.
चादरीवरचा मोर मी कधी पाहिला नाही,
तो पुढं, दुसऱ्याच्या पाळीत उमटायचा.
बाप एवढंच म्हणायचा,
गाठ फणीतून गेली पाहिजे.
जाडी झाली तर तुटते,
ढिली झाली तरी तुटते.

हे तिला सांगितलं.
पटलं असं काही ती म्हणाली नाही.
म्हणाली, पण नाना, तुम्ही संध्याकाळी घरी यायचात.
हातगाडीवर भजी खायचात.
त्यांना बाहेरच नसेल.

यावर माझ्याकडं काही नव्हतं.
बराच वेळ आम्ही तसेच पडलो.
कुणाच्या तरी कारखान्यात रात्रपाळी चालू होती,
खटक खटक खटक,
आणि मला वाटलं, ते तिकडं नेतील का,
हा आवाज?
मूल निजवायला तरी लागेल.

तीनच्या सुमारास पाईप खोकला.
आधी हवा, मग गंज, मग धार.
गल्लीभर दिवे लागले, गच्च्या रिकाम्या झाल्या.
मी दक्षिणेला पाहिलं, मूठ धरली.
मित्र बुडाला होता.
खालून स्रवंती ओरडली,
नाना, मोटार लावा,
प्रेशर जाईल!