घटका

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाला लागून एक हिरवं दार.
तिकीट फाडणारा मुलगा
सूर्यफुलाच्या बिया फोडता फोडता सांगतो,
त्रेसष्ट पायऱ्या. गुडघे ज्याचे त्याने सांभाळा.

बत्तिसाव्या पायरीवर मोटारसायकली ऐकू येईनाशा होतात.
चाळिसाव्या पायरीवर उन्हाळा संपतो.

पुढे उस्ता यदुल्ला. पांढरा सदरा, पांढरी टोपी.
खणायला उतरताना पांढरंच घालायचो, तो म्हणतो,
माती अंगावर बसलीच
तर पुन्हा कपडे बदलायला नकोत.
इस्फहानच्या नव्या जोडप्यातली मुलगी हसते,
मग तिला कळतं.

भिंतीवरून तो हात फिरवतो,
गाभण शेळीच्या पोटावरून फिरवावा तसा.
कुदळीचे घाव तिरपे आहेत.
हा डावखुरा होता. नाव कुणालाच ठाऊक नाही.
पण डावखुरा होता.

याला इथे कनात म्हणतात.
माझ्या भाषेत कनात म्हणजे तंबूची कापडी भिंत,
वाऱ्याने फडफडणारी.
इथे वारा नाही. गुडघाभर पाणी,
आणि त्यावर त्याने सोडलेलं तांब्याचं भांडं,
बुडाला सुईएवढं भोक.

भरून बुडालं की एक वाटा संपला,
पाणी वळवायचं पुढच्याच्या शेतात.
बाप रात्रभर खडे मांडत बसायचा.
मी सांगतो, आमच्याकडे लग्नात असतं असं भांडं.
बुडालं की घटका भरली म्हणतात.
माणूस जायला टेकला तरी तेच म्हणतात.
मुलगी त्याला फारसीत समजावते.
तो विचारतो, एकच भांडं? दोन्हीला?

मग तो टॉर्च विझवतो.
ऐका.
पाणी आमच्या पोटऱ्यांशी काहीबाही बोलत जातं.
कुणी खोकतसुद्धा नाही.

खट्.

आवाज थांबतो.
पाच वाजले, अंधारातून तो म्हणतो. पंप आहे.
वर पिस्त्याच्या बागांनी दोनशे मीटरवर बोअर नेले
त्याला वीस वर्षं झाली.
तेच पाणी फिरवतो आम्ही, नऊ ते पाच.
शुक्रवारी सुट्टी.

टॉर्च लागतो तोवर पाणी घोट्याखाली.
भांडं तळाला टेकलंय, कलंडून,
अर्धंच भरलेलं.

उस्ता वाकतो, उपडं करतो,
सदऱ्याच्या सोग्याने पुसतो.
पांढऱ्यावर हिरवट गोल उमटतो,
कालच्या गोलाशेजारी.