'इतर' रकान्यातला घुला

ठाणापाड्याच्या उपकेंद्रात
तापाची वही वेगळी, विंचवाची वेगळी.
घुल्याला वही नाही.
नऊ वर्षं मी त्याला
'इतर'मध्ये बसवत आले.

भादव्याच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला माणूस येतो.
बहुतेकदा मान, नाहीतर कोपराची आतली बाजू.
यंदा येवजी भोये आला, ऐनाच्या फांदीवर चढलेला,
दंडावर गांधी ओळीनं,
कुणी शिवणयंत्र फिरवावं तशा.
"दिसला नाय बाई. पानच चावलं."

पानासारखाच असतो तो.
पोपटी, पाठीवरून निळी रेघ,
दोन्ही बाजूंना काट्यांचे झुबके.
पाय दिसत नाहीत.
ओल्या साबणाच्या वडीसारखा
घसरत घसरत जेवतो.

मी चिकटपट्टी लावते, ओढते, परत लावते.
पट्टीवर काटे येतात,
भिंगाखाली काचेच्या सुया, पोकळ,
आत टोचण्यापुरतं पाणी.
मग सोडा, मग एक गोळी,
मग येवजीची बायको येते
आणि माझं सगळं पुसून वर चुना लावते.
मी चुनाही लिहिते.

वहीवरूनच कळत गेलं मला.
त्याआधी कुणी येत नाही, कारण तेव्हा तो
पानाच्या पोटाला चिकटलेली चपटी अंडी असतो,
एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखी.
फुटली की सगळे एका रांगेत,
खांद्याला खांदा लावून
पानाचा हिरवा तेवढा खरवडतात, जाळी ठेवतात.
त्या दिवसांत एकाला हात लागला
तर तिसांना लागतो.
आश्रमशाळेच्या तीन पोरी एकाच दुपारी
रडत आल्या, त्या तेव्हाच.
पुढं ते पांगतात.
दुखणीही पांगतात, एक ओढ्याकडून,
एक वरच्या पाड्यावरून,
एक हरसूलच्या बाजारातून परतताना, सरपणाची मोळी डोक्यावर.

आणि दसरा झाला की एकदम कुणी नाही.

"गेले कुठं?" मी विचारलं.
मोळीवाली सोनकी हसली.
"खोडावर बघ ना. सुपारी डकवल्यागत."

होत्या. सालीच्याच रंगाच्या, टणक,
नखानं वाजवल्या तर वाजणाऱ्या.
एक मी सालीसकट आणली,
इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यात, वर गॉज.
लसीकरणाची फेरी आली, महिन्याचा अहवाल आला,
विसरले.

अहवालाच्या बेरजा जुळत नव्हत्या त्या रात्री
खोक्यात काहीतरी फडफडलं.
सुपारीला गोल झाकण होतं, ते उघडं,
डब्याचं असावं इतकं नेमकं.
बाजूला पाकोळी.
पंख कोवळ्या भाताचे, कडेला मातकट पट्टा,
अंगावर इतकी लव
की मी आधी चिमटा शोधला.
गुळाचं पाणी कापसावर ठेवलं.
तिनं ढुंकून पाहिलं नाही.
भिंगाखाली मग दिसलं,
खायला तोंडच नाही.
खाणं सगळं त्यानं उरकलं होतं, त्या दुसऱ्यानं,
येवजीच्या फांदीवर.

पाचव्या दिवशी तिनं गॉजवर अंडी घातली,
नर नसताना, खोक्यात, नीट कौलं शाकारावीत तशी.
मी आठवडाभर वाट पाहिली.
ती सुकली.

मार्चच्या साफसफाईत खोकं हाती आलं.
रिकामं टरफल मी दोन बोटांत उचललं,
झाकण लागतंय का पाहायला.
रात्री बोटं सुजली.
सकाळी वही उघडली.
नाव माझंच, वय एक्केचाळीस,
कारण...
आत कुणी नव्हतं तरी चावलं,
हे लिहायचं कसं?

'इतर' लिहिलं.
आणि चुना मागायला
येवजीच्या बायकोकडं गेले.