आयर्विनला किती फूट

तीस वर्षं जहाजावर काढून
दस्तगीर नदाफ मिरजेत उतरला तेव्हा
त्याच्यापाशी एक कंपास होता,
दोन निकामी गुडघे,
आणि आम्हाला कधीतरी दिलेला शब्द:
रत्नागिरीपासून खाली, किनारा धरून,
शिडाच्या होडीतून, बायकापोरांसकट.

गुडघ्यांनी समुद्राला नकार दिला.
भूपाल म्हणाला, मग नदी हाय की.
किनारा तिलाबी असतोय,
दोन्हीकडनं.

शीड भूपालच्या मांडवातलं,
निळे-पांढरे पट्टे, एका कोपऱ्यात
कुणाच्यातरी लग्नातल्या आमटीचा डाग.
होडी शर्यतीतली, सांगलीवाडीच्या पोरांची,
डोलकाठी म्हणून हिरवा कळक,
आणि तो बांधायला
बाजार समितीतून आणलेला सुंभ,
ज्याचा हाताला हळदीचा वास राहिला.

माघातली सकाळ. माई घाट.
पाणी इतकं उतरलेलं
की एरवी न दिसणाऱ्या पायऱ्यांवर
एकजण निवांत दात घासत होता.

सगळे बसले. सुमती वरच राहिली.
मी काही बोललो नाही.
त्या ऑगस्टात असलीच एक होडी
आमच्या गॅलरीच्या कठड्याला येऊन लागली होती.
हिनं सात-बारा, रेशनकार्ड, आईचा फोटो
कुकरमध्ये घालून झाकण लावलं,
आणि तो पोटाशी धरून
दुसऱ्या मजल्यावरून थेट होडीत उतरली.
तेव्हापासून भाजी घेतानासुद्धा
ती नदीकडे पाठ करून उभी राहते.

त्याच रात्री कुठल्याशा आखातातून
दस्तगीरचा फोन आला होता.
कसा आहेस नाही, घर आहे का नाही,
एवढंच: आयर्विनला किती फूट?
मी म्हणालो, सत्तावन्न.
मग बराच वेळ नुसती खरखर.
लाईनची, का त्याच्याकडच्या पाण्याची,
मी अजून विचारलेलं नाही.

आता तो होडीतूनच वर बघत म्हणाला,
वहिनी, आज किती फूट असंल ओ?
तिनं वळून पुलाच्या खांबाकडे पाहिलं.
कितीतरी वेळ पाहिलं.
नऊ, म्हणाली. फार तर दहा.
आणि पदर खोचून खाली आली.

वारा नव्हताच.
शीड पंगत उठल्यावरच्या मांडवासारखं लोंबत होतं.
दोन पोरं वल्ही मारत होती
आणि आम्ही त्याला सफर म्हणत होतो.
काठानं ऊसतोड, एक म्हैस, एक मोटारपंप,
भडंगाची पिशवी या हातातून त्या हातात.
भूपालची नात संयुक्ता दर वळणाला विचारायची,
समुद्र कधी येणार?
दस्तगीरनं कंपास तिच्या तळहातावर ठेवला.
ही बाई महाबळेश्वरावर जन्मली, म्हणाला,
तिथनं दर्या हाकेवर होता.
त्याला पाठ दाखवून ही निघाली पूर्वेला.
मधी धरणं आडवी आली नाहीत
तर पोचंल कधीतरी. लांबच्या समुद्राला.
सुमती ऐकत होती.
तिचा हात पाण्यात होता, मनगटापर्यंत.

हरिपूरच्या अलीकडे
वारणेच्या तोंडातून वारा आला.
चिंचा हलल्या, मग शीड एकदम फुगलं,
आमटीच्या डागासकट.
पोरांनी वल्ही उचलली.
दस्तगीर ताठ बसला, दोर मुठीत,
चेहऱ्यावर गुडघे नसल्यासारखा.
कुणी बोलेना.
दहा मिनिटं असेल. कमीच.

संगमाच्या घाटाला लागल्यावर
त्याला काही उठवेना.
दोघांनी धरलं, तिघांनी धरलं,
शेवटी होडीच बांधून ठेवली
आणि आम्ही तिच्यातच जेवायला बसलो.
सुमतीनं पायातला कुकर पुढे ओढला.
तोच, कडेला पोचा आलेला.
आत भरली वांगी,
भूपालसाठी चार बिनकांद्याची, वेगळ्या डब्यात.
मीठ कमी पडलंय, भूपाल म्हणाला.
गोड्या पाण्यातलं जेवण हाय, दस्तगीर म्हणाला,
चालायचंच.

हळदीची पेवं कुठं होती ते
मी संयुक्ताला काठावर दाखवत होतो,
तेवढ्यात मागून सुमतीचा आवाज आला,
भाकरी मोडता मोडता,
जणू रिक्षाचं भाडं विचारावं तसा:
इथनं अंकली किती लांब?