शून्य होईपर्यंत

स्विनोयच्या बोटीची चार तिकिटं काढली मिक्यालनं.
माणूस एक.
फोनवर म्हणाला, बाइंता,
उरलेले तीन मिक्याल कुठे भेटतील तेवढं सांग,
बटाट्यांची पोती त्यांच्याकडून उचलून घेईन.

चूक माझी होती.
बटण दाबल्यावर पान गप्प बसायचं.
मागच्या दारानं निरोप गेलेला असायचा बंदरावरच्या यंत्राकडे,
जागा आहे का, वारा किती, लाटा किती,
आणि पुढच्या दारात म्हातारा उभा,
हाक आत पोचली की नाही ते न कळून
पुन्हा पुन्हा कडी वाजवणारा.

म्हणून एक वर्तुळ काढलं.
निळं, शर्टाच्या गुंडीएवढं,
एका जागी तुटलेलं, म्हणजे फिरताना दिसावं.
पहिल्या दिवशी ते साऱ्या पानावर राखाडी पडदा ओढून
मधोमध बसलं.
मिक्याल म्हणाला, वेळापत्रक तरी वाचू दे,
थांबायचं म्हणजे डोळे मिटून थांबायचं का?

पडदा काढला.
तर ते अक्षरागणिक लुकलुकू लागलं,
गळातून सुटलेल्या माशाचं पोट चमकावं तसं,
दिसलं म्हणेपर्यंत गेलेलं.
त्याला शिकवलं: तीनशे मिलिसेकंद दम धर.
तेवढ्यात उत्तर आलं
तर तू नव्हतंसच.

मोजणी मात्र अवघड निघाली.
निरोप एकटा जात नाही.
तीन जातात, पाच जातात, आगेमागे परततात.
पहिला घरी आला की माझं वर्तुळ विझायचं
आणि बाकीचे अजून पाण्यात.

लहानपणी आमच्या उतारावर सुन्व्हा खिडकीत दिवा ठेवायची.
नवरा, दोन मुलगे, दीर. चार होड्या.
एक आली, दिवा तसाच.
दुसरी आली, तरी तसाच.
चौथे बूट उंबऱ्यावर आपटले की मग फुंकर.
मी तेच लिहिलं:
जाताना एक मिळव, येताना एक वजा कर,
शून्य झालं की मालव.
सहा ओळी. त्या रात्री गाढ झोपले.

पण ते सगळं परतणाऱ्यांसाठी लिहिलेलं होतं.

नोव्हेंबरात वादळ आलं,
एक निरोप वाटेतच बुडाला,
आकडा एकवर अडकला.
रात्री नऊला मिक्यालनं बटण दाबलं,
एकदाच, शहाण्यासारखं.
वर्तुळ फिरलं.
त्यानं चहा केला. फिरत होतं.
रेडिओवर हवामान ऐकलं, कुत्र्याला आत घेतलं,
खुर्चीतच डोळा लागला.
जागा झाला तेव्हा खिडकी उजाडलेली
आणि ते फिरतंय.
फोन केला तोही रागावून नव्हे.
म्हणाला, मला वाटलं
तुम्ही अजून शोधताय.

सुन्व्हाचा दिवा मला ठाऊक होता ना.
दीर आला नाही त्यानंतर अकरा हिवाळे जळत होता.
आम्ही मुली त्याच्याच उजेडात
दोरीच्या उड्या मारायचो.
कुणीतरी सांगायला हवं होतं तिला.
ज्याला त्याला वाटे, दुसरं कुणी सांगेल.

मग सातवी ओळ घातली:
आला तरी, बुडाला तरी, वजा कर.
आणि दहा सेकंदांनी वर्तुळाच्या जागी
मोठ्या टाइपात, चष्म्याविना वाचता येईल असं:
पलीकडून उत्तर आलं नाही.
तिकीट निघालेलं नाही.
पैसे घेतलेले नाहीत.
पुन्हा करून पाहा,
नाहीतर या नंबरवर बाइंताला उठवा.

काल पहाटे पाचला उठवलं त्यानं.
पान नाही म्हणालं, म्हणाला.
मग आता? मी डोळे चोळत.
आता काय,
बटाटे तळघरात परत ठेवून आलो,
बूट काढलेत.